डबा धुवू नका, तसाच द्या

चाफेकळी · रविवार, रात्री ९:१०

बाबांना घरी आणून आज पंधरा दिवस झाले. वॉकर धरून हॉलपर्यंत येतात, खिडकीपाशी बसतात. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण नंतर छातीत कफ धरला आणि पाच-सहा दिवसांचं म्हणून मांडलेलं दवाखान्यातलं बिऱ्हाड १९ दिवस हललं नाही. आता जरा डोकं ठिकाणावर आलंय, तेव्हा त्या दिवसांत कुणी काय केलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. बोलणं-चालणं बेताचंच, म्हणजे जिन्यात भेटलं की दोन शब्द, संक्रांतीला हळदीकुंकू, एवढंच. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या दुपारी साडेबाराला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा घेऊन वॉर्डात हजर. वरच्या कप्प्यात बाबांसाठी मऊ भात, त्याखाली मुगाचं वरण, तिसऱ्यात दुधीची भाजी, तिखट नसलेली. आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात तीन पोळ्या, झणझणीत पिठलं आणि कांद्याची फोड. तो कप्पा आईकडे सरकवून म्हणाल्या, "हे तुमचं. पेशंटचं जेवण जेवून सोबतीचा माणूस आजारी पडतो." दोन दिवस आई बाबांच्या ताटातला उरलेला मऊ भात खात होती. हे आम्हा मुलांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आई डबा घेऊन वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनवर गेली. बेसिन चहाच्या चोथ्याने तुंबलेलं, नळाला धार करंगळीएवढी. आईचे गुडघे दुखरे. ती एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने एकेक कप्पा विसळत होती, आणि मग पर्समधून चहाबरोबर आलेली साखरेची पुडी काढून वरच्या कप्प्यात रिकामी करू लागली. रिकामा डबा परत कसा द्यायचा, हा तिचा प्रश्न. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्याच आयांचा असतो. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या, तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, धुवू नका, तसाच द्या. आणि साखरबिखर काही घालू नका. दवाखान्यातून काही परत न्यायचं नसतं, अशी रीत आहे आमच्याकडे."

त्यानंतर सतरा दिवस डबा आला, आणि खरकटा परत गेला. आईने एकदाही बेसिनकडे पाहिलं नाही.

त्याच दिवसांत मला रोज फोन यायचे. "काही लागलं तर सांग." मनापासून म्हणायचे सगळे, त्याबद्दल शंका नाही. पण सांगायचं म्हणजे काय लागणार ते आधी मी शोधायचं, कुणाला जमेल ते ठरवायचं, मग फोन करून अवघडत मागायचं. तेवढं त्राणच नव्हतं. एकालाही मी काही सांगितलं नाही. उलट ऑफिसातल्या एका मित्राचा निरोप आला: "बुधवार आणि शनिवार रात्री बाबांजवळ मी थांबतोय. नको असेल तरच कळव." तो बुधवारी आला, चादर आणि डासांची अगरबत्ती घेऊन. मी घरी जाऊन नऊ तास झोपले.

तुमच्या घरच्या अडचणीत कुणाची कुठली लहानशी मदत अशी नेमकी लागू पडली, ते लिहाल का? मला खरंच शिकायचंय. आता शेजारी-पाजारी कुणाची पाळी आली तर मला काकूंसारखं जाता आलं पाहिजे.

रानपाखरू · रविवार, रात्री १०:०२

रात्री थांबणाऱ्यांसाठी एक सांगतो. माझ्या आईच्या वेळी आम्ही चौघं आळीपाळीने थांबायचो आणि सकाळी सहाला बदली व्हायची. पहिले दोन दिवस नुसता घोळ. रात्री अडीचला गोळी दिली की नाही, लघवी किती झाली, सलाईन कधी लावलं, कुणाला काही ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मेव्हण्याने शंभर पानी वही आणली, पेन दोऱ्याने बांधून कॉटला अडकवलं आणि उभ्या रेघा मारल्या: वेळ, औषध, ताप, लघवी, काय खाल्लं, डॉक्टर काय म्हणाले. राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई ती वही मागून घेऊन वाचायच्या.

मेव्हणा बोलायला फार कमी. आजवर त्याने आईविषयी चार वाक्यं बोललेली मला आठवत नाहीत. पण त्या वहीत एका रात्री त्याच्या अक्षरात लिहिलंय: "३:२०. जाग आली. अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं का विचारत होत्या. घातलं म्हणून सांगितलं. झोपल्या." वही आम्ही जपून ठेवली आहे.

सांजदिवा · रविवार, रात्री ११:३५

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हाचं लिहिते.

पहिल्या दिवशी आमच्याकडे कडू घास आला, मग दहा दिवस रोज कुणाचं ना कुणाचं जेवण. घर माणसांनी भरलेलं. तेरावं झालं आणि सगळे आपापल्या गावी गेले. चौदाव्या दिवशी सकाळी मी चहाला दोन कप काढले.

त्या दिवशी दहा वाजता यांच्या मित्राचा मुलगा आला. कॉलेजात जाणारा पोरगा. म्हणाला, "काकू, काकांची कागदपत्रं द्या, आज मला सुट्टी आहे." मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विनासायास होते, पुढे गेलं की विलंब शुल्क, अर्ज, परवानग्या सुरू होतात, हे त्याने त्याच्या घरी एकदा सोसलेलं होतं. दवाखान्याकडून नोंद गेली आहे ना, ते त्याने पाहिलं. नाव कसं लिहिलंय ते तपासलं. यांच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि पासबुकात थोडं वेगळं, ते त्याच्याच लक्षात आलं. आणि दाखल्याच्या दहा प्रती काढून आणल्या. मी म्हटलं, दहा कशाला? पुढल्या चार महिन्यांत दोन बँका, विमा, प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन, सोसायटीचा शेअर दाखला, विजेचं मीटर असं करता करता नऊ लागल्या.

त्याने माझं सांत्वन असं काही केलं नाही. त्याला ते जमलंही नसतं, वयच नव्हतं. पण प्रत्येक ऑफिसात माझ्या शेजारी बसून राहायचा, आणि "मयताशी नातं" हा रकाना आला की फॉर्म माझ्या पुढून ओढून घेऊन स्वतः भरायचा.

वऱ्हाडी_माणूस · सोमवार, सकाळी ७:१५

चाफेकळी ताई, तुमचं वाचून मला आमचं मुंबईचं आठवून राहिलं.

बहिणीला परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवाचं होतं. आम्ही नागपूरच्याही पुढचे. मुंबई कधी पाहिली नाही, लोकलची तर भीतीच. गावातल्या एका मित्राचा साळा डोंबिवलीले राहते, त्याच्याशी माझी ओळख नाही. विदर्भ एक्स्प्रेसमधून सकाळी दादरला उतरलो तर तो प्लॅटफॉर्मवर उभा. कामावर अर्धी सुट्टी टाकून आला होता. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्यानं आधीच चौकशी करून ठेवली होती. कॅन्सरच्या पेशंटला आणि नातेवाइकांना तिथं अगदी कमी पैशात राहता येते, पण कोणते कागद लागतात हे माहीत असावं लागते.

मग त्यानं जे केलं ते मला जन्मभर आठवेल. टॅक्सीत बसवून नाही दिलं. आम्हाला पायी घेऊन गेला, बस कुठं थांबते ते दाखवलं, बसनं हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेलं, आणि तशाच वापस घेऊन आला. मग म्हणाला, "आता भाऊ, तुम्ही मला घेऊन चला." मी पुढं, तो मागं. एका जागी मी चुकलो तर तो गप्प उभा राहिला, मी माझा वळलो तेव्हा हसला. त्या दिवशीनंतर सहा महिने मी बहिणीला एकटा घेऊन जात होतो.

अजून एक. मोठ्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक नावाचा माणूस बसतो. पैशाची अडचण असली की पहिले त्यालेच भेटाचं. हेही त्यानंच सांगितलं.

मोगरा_फुलला · सोमवार, सकाळी ९:४८

वऱ्हाडी भाऊंच्या शेवटच्या ओळींना जोडून. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत आपल्या राज्यात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मोठमोठी चकचकीत रुग्णालयंसुद्धा यात मोडतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या नवऱ्याला दाखल करताना हे मला माहीत नव्हतं, माझ्या वहिनीला होतं. ती तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन त्यांच्याबरोबर गेली आणि काउंटरवर "धर्मादाय खाट हवी आहे" हे एक वाक्य शांतपणे चार वेळा म्हणाली. चौथ्या वेळी मिळाली. आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट दुसऱ्याच्या बाजूने उभं राहून बोलणं, ही फार मोलाची मदत वाटते मला.

ओसरी · सोमवार, दुपारी १:२०

धागा आवडला. दोन गोष्टी लिहिते.

एक, "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांवर जरा अन्याय होतोय असं वाटलं. मी अडुसष्ट वर्षांची आहे. गाडी चालवता येत नाही, जिने चढवत नाहीत, रात्री थांबणं शक्य नाही. समोरच्याला नेमकं काय हवंय हे न विचारता ठरवायचं, तर तेही पुष्कळदा चुकतं. माझ्या जावेच्या आजारपणात एका नातेवाईकबाईंनी न विचारता तिचं स्वयंपाकघर लावून दिलं. मनात प्रेमच होतं. पण जाऊ घरी आली आणि तिला तिचा मिसळणाचा डबा सापडेना, तेव्हा ती रडली. आठवडाभर अंथरुणावर पडून ती त्याच स्वयंपाकघराचा विचार करत होती. तेव्हा कामाचं नाव घेऊन विचारावं आणि हो म्हणाल्यावर करावं, असं माझं मत. "उद्या भाजी आणू का? मेथी की पालक?" एवढं विचारलं की माणसाला उत्तर देता येतं.

मी स्वतः फोन करते. दुपारी चारला, रोज, दहा मिनिटं. आजाराबद्दल एक अक्षर विचारत नाही. बिल्डिंगमध्ये कुणाच्या कैऱ्या उतरवल्या, कोणाकडे पाहुणे आलेत, भिशी कुणाला लागली, असलं सांगते. आजारी माणसाला दिवसातून बारा वेळा "आता कसं वाटतंय" याचं उत्तर द्यावं लागतं. दहा मिनिटं तरी त्यातून सुटका.

दुसरी गोष्ट, चाफेकळी, दवाखान्यातून काही परत न्यायचं नसतं ही रीत कुठली गं? मी कोकणातली, सासर साताऱ्याचं. दोन्हीकडे ऐकली नाही.

सांजदिवा · सोमवार, दुपारी २:०५

आमच्याकडेही नाही ऐकली. रिकामं भांडं परत देऊ नये एवढंच माहीत आहे.

वापसा · सोमवार, रात्री ८:३०

लातूरकडचा आहे. शहरातल्या लोकांच्या गोष्टी वाचल्या, आता रानातली ऐका.

जूनमध्ये वडलांचा पाय घसरून विहिरीच्या कठड्यावर पडले, पाठीचा मणका दुखावला. मी पुण्यात नोकरीला, सुट्टी काढून दवाखान्यात त्यांच्याजवळ. त्याच आठवड्यात पाऊस पडला. शेतीतल्या माणसाला सांगायला नको, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, जमिनीत वापसा आला की पेरणीला हातात चारच दिवस असतात. पुन्हा पाऊस लागला तर रानात पाय ठेवता येत नाही, आणि उघडीप पडली तर ओल उडून जाते. वडील कॉटवर पडून छताकडे बघत. बोलत काही नव्हते, पण मला कळत होतं ते काय मोजतायत.

तिसऱ्या दिवशी चुलत्याचा फोन आला. "दादाला सांग, पेरणी झाली." भावकीतले दोघं आणि बांधाला बांध असलेले शेजारी, ज्यांच्याशी आमची वाटेवरून मागल्या सालापर्यंत बोलाचाली नव्हती, असे सगळे मिळून तीन एकर सोयाबीन पेरून मोकळे झाले होते. आजोबांच्या वेळी इर्जिक व्हायची, गावचे बैल एकाच्या रानात उतरायचे आणि तो सगळ्यांना जेवण घालायचा. आता ट्रॅक्टर आहेत, तरी ते मूळ जित्तं आहे म्हणायचं.

वडलांनी फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "बियाणं कोणतं टाकलं?" आमचं घरचं राखलेलं होतं. चुलता म्हणाला, "तुझंच. पण आधी बघितलं." त्याने पेरणीच्या आधीच आमच्या पोत्यातलं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. ७८ उगवले. सत्तरच्या वर उगवले की बियाणं चालतं, एकरी ३० किलो. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. स्वतःचं रान असल्यासारखं त्याने केलं.

वडील त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवले.

तिसरी_घंटा · सोमवार, रात्री ११:१०

डेंग्यूच्या दिवसांतलं. माझ्या भाच्याच्या प्लेटलेट उतरत गेल्या, डॉक्टरांनी मशीनवर काढलेल्या प्लेटलेट लागतील म्हणून सांगितलं. प्लेटलेट साठवून ठेवता येतात त्या फक्त पाच दिवस, त्यामुळे ऐन साथीत पेढीत शिल्लक सापडेलच असं नसतं, दाता तिथे हजर लागतो. रात्री अकरा वाजता मी फोनवरची नावं चाळत बसलो होतो. कुणाचा रक्तगट काय, एकाचाही माहीत नाही.

माझी एक शाळामैत्रीण आमच्या वर्गाच्या ग्रुपवर दर वर्षी सगळ्यांचे रक्तगट विचारून यादी लावते. आम्ही तिला नेहमी उशिरा उत्तर द्यायचो. त्या रात्री ती यादी उघडली. भाच्याच्या गटाचे सहा जण. तिघांनी उचलला. एक म्हणाला, "कालच डोकेदुखीवर अॅस्पिरिन घेतलीय, तीन दिवस चालणार नाही." दुसऱ्याचं रक्तदान मागच्याच आठवड्यात झालेलं. तिसरा पिंपरीहून मोटारसायकलवर आला, तपासण्या झाल्या, मग दीड तास मशीनला हात लावून पडून राहिला. सकाळी तिथूनच परस्पर कामावर गेला.

तेव्हापासून यादी मी करतो. पुरुषांना रक्तदानानंतर तीन महिने थांबावं लागतं आणि बायकांना चार, म्हणून शेवटचं रक्तदान कधी केलं तोही रकाना ठेवलाय.

दूरदेशी · मंगळवार, पहाटे ४:४०

जर्मनीतून लिहितोय. आईवडील सांगलीला. दूर असलेल्या माणसाला जी लाज मनात असते ती इथे लिहीत बसत नाही, ज्यांना आहे त्यांना कळेल.

वडील निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. ऐंशीच्या पुढच्यांना आता १ ऑक्टोबरपासून देता येतो, म्हणून जरा निवांत. २०१४ पासून तो डिजिटल झाला, पण वडिलांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. आयुष्यभर खडू धरलेली, आता वयाने गुळगुळीत झालेली बोटं. मशीन पाच वेळा नाही म्हणालं, तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते आईने फोनवर सांगितलं. माझा मित्र, आम्ही एका बाकावर बसायचो, दुसऱ्या दिवशी घरी गेला आणि मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढून दिला. नुसता काढला नाही, वडिलांना शिकवला. पुढच्या वर्षी त्यांनी शेजारच्या दोघांचा काढून दिला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तो दर रविवारी दहा मिनिटं घरी डोकावतो आणि मला एक ओळ पाठवतो. "सगळं ठीक" असं कधी लिहीत नाही. "काका दाढी करून बसले होते." "काकूंनी चकल्या केल्यात, तुझ्या वाटच्या मी खाल्ल्या." एकदा लिहिलं, "काकांचं पेपरातलं शब्दकोडं अर्धंच सोडवलेलं होतं." मी त्याच दिवशी तिकीट काढलं. वडिलांना खरंच बरं नव्हतं आणि ते कुणालाच सांगत नव्हते.

चाफेकळी · मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. सांजदिवा ताई, तुमचे दोन कप ऐकून ती उठून आत गेली, बऱ्याच वेळाने आली. दूरदेशी, बाबांना शब्दकोड्याचं फार लागलं. सकाळपासून स्वतःचं पूर्ण सोडवून मला दाखवतायत.

ओसरी मावशी, तुमचा प्रश्न डोक्यात राहिला होता. आज संध्याकाळी काकूंकडे गेले, त्यांचा डबा परत करायला. हो, एक डबा आमच्याकडेच राहिला होता. शेवटच्या दिवशीचा, घरी आल्यावर आईने धुऊन पुसून ठेवलेला, आणि आता घरी आलोय म्हणून तिने त्यात बेसनाचे लाडू भरले होते. मी काकूंना विचारलं, दवाखान्यातून काही परत नेत नाहीत ही तुमच्याकडची रीत कुठली? देशावरची का?

त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "रीत कसली गं? तुझी आई त्या बेसिनवर भिंत धरून उभी होती. नुसतं धुवू नका म्हटलं असतं तर ऐकलं असतं का तिने? तिला पटेल असं काहीतरी बोलले झालं."

आईला हे मी सांगितलेलं नाही. कालच आमच्या वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंना बाळंतपणासाठी दाखल केलं. आज दुपारी आई गुडघ्याला पट्टा बांधून, रिक्षा करून खिमटीचा आणि सासूबाईंसाठी आमटी-भाताचा डबा घेऊन गेली होती. सासूबाई डबा विसळायला उठल्या तशी तिने त्यांच्या हातातून घेतला आणि दवाखान्यातून काही परत न्यायचं नसतं, अशी रीत आहे म्हणून बजावलं. आत्ता ओट्यापाशी तेच कप्पे घासतेय.